कोपरा कापलेलं कार्ड

"दिवट्यांचं पाकीट!" गनीभाई पोस्टमननं ओट्याला सायकल टेकवून हाक दिली.

आई ओट्यावर डाळ पाखडत होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण आलेलं पाकीट आधी आपल्या हातात घेऊन उलटसुलट करायची हौस दांडगी. "कुठलं ओ गनीभाई?" तिनं विचारलं.

"मुंबईचं दिसतं," ते म्हणाले आणि पुढच्या घराकडं गेले.

मुंबईत आमचं कुणी नव्हतं. मी मागच्या अंगणात रंगवलेल्या रेशमाच्या लडी दोरीवर टाकत होते, आणि आत वहिनी मागावर बसून काहीतरी गुणगुणत होती. "सरे, वाचायला ये गं," अशी आईची हाक आली. मी ओले हात लुगड्याला पुसत माजघरापर्यंत आले असेन नसेन, तेवढ्यात आई किंचाळली. तसा आवाज मी आईच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. माग थांबला.

मी ओट्यावर धावले तर आई उभी होती. तिच्या हातात फोडलेल्या पाकिटातलं एक चित्राचं कार्ड होतं आणि ती त्याच्या चिंध्या करत होती. कार्ड जाड होतं, फाटता फाटत नव्हतं. "आई, काय झालं? वाचू तर दे!"

"नको वाचू! वाचू नको गं बाई!" तिनं तुकडे आणि पाकीट समोरच्या गटारीत भिरकावलं. "कोपरा कापलाय त्याचा. माझा पुंडलिक गेला!"

आता हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं मयताची खबर पोस्टकार्डानं कळवायची तर कार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकत. तसलं कार्ड आलं की ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं आणि तिथल्या तिथं फाडून टाकायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालासुद्धा ते कार्ड हातात धरल्याबरोबर कळायचं. आणि आईच्या हातातल्या कार्डावर परमुलखातलं चित्र होतं. आमचं परमुलखात गेलेलं माणूस एकच होतं. मजकूर ऐकायची गरज तिला वाटलीच नाही, आणि मला वाटतं, तिच्यात ते ऐकायची ताकदही नव्हती.

पुंडलिक म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील माझ्या लहानपणीच गेले, तेव्हापासून घर त्याच्या हातावर चाललेलं. तिशीतच येवल्यातल्या चांगल्या पैठणी विणणाऱ्यांत त्याचं नाव घेत. त्या साली, म्हणजे सत्तर साली, जपानात ओसाका गावी सगळ्या जगाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं भारताच्या दालनात माग मांडून लोकांसमोर विणायला एक माणूस हवा होता, आणि निवड झाली आमच्या भाऊची. गावानं त्याला हार घातले, वाजतगाजत मोटारीपर्यंत पोचवलं. लोकांना वाटलं, पैठणीचं नाव करायला चाललाय. घरात आम्हाला ठाऊक होतं की तो तिकिटांसाठी चाललाय.

तिकिटांचं त्याला वेडच होतं. व्यापाऱ्यांकडून रिकामी पाकिटं मागून आणायची, त्यांचे तिकिटाचे कोपरे कापून परातीत पाण्यावर सोडायचे, डिंक सुटला की लहानशा चिमट्यानं तिकीट अलगद उचलायचं आणि टिपकागदात वाळवायचं. तो हे करत बसला की खिडकी उघडायची नाही, केर काढायचा नाही, शिंकायचंदेखील नाही. अल्बमांचं एक कपाट होतं आणि घरात त्या कपाटाचं देव्हाऱ्याहून जास्त सोवळं होतं. ओसाकाच्या प्रदर्शनाची म्हणून खास तिकिटं निघालीत, प्रत्येक देशाच्या दालनाचा वेगळा शिक्का आहे, पहिल्या दिवसाची पाकिटं आहेत, हे सगळं त्यानं जायच्या आधी कुठून कुठून वाचून ठेवलं होतं. ते सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की बघत राहावं.

भाऊनं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. आमच्या गल्लीत नवरे बायकांना बडवत आणि चार घरं पलीकडं ऐकू जाई. आमच्या घरातून हू की चू येत नसे. "गोदे, नशीब काढलंस बाई," बायका वहिनीला म्हणत. वहिनी मान खाली घालून रेशमाच्या कांड्या भरत राही. भाऊ घरात शिरला की तिचं बोलणं तुटायचं, मागच्या दारी त्याची चप्पल वाजली तरी दचकायची. ती त्याला घाबरते हे मला दिसत होतं. पण इतक्या गरीब माणसाला घाबरण्यासारखं काय आहे, ते मला कळत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते आणि भाऊ माझा देव होता.

तो गेल्यावर मात्र वहिनी बदलली. एका व्यापाऱ्याचं लुगडं मागावर अर्धं राहिलं होतं. आई म्हणाली, "बस तू. बघून बघून हात बसलाच असेल." बायकामाणसानं मुख्य मागावर बसायचं म्हणजे तेव्हा नवलच. पहिल्या दिवशी तिनं चार बोटं विणलं आणि ती तिथंच बसून खुदकन हसली. मग रोज बसायला लागली. माझ्या लग्नावरून मला चिडवायची: "वन्सं, तुम्हाला नवरा असा बघू, की तिकडून लोळत येईल आन् तुम्ही इकडून ढकलत न्याल." आईसुद्धा हसायची. पदरावरचा मोर जमायला लागला तसं वहिनीच्या तोंडावर पाणी चढलं. उन्हाळा कडक होता, घामानं जीव नकोसा व्हायचा, पण पोलकं मात्र ती कोपरापर्यंत लांब बाह्यांचंच घालायची. मी म्हटलं, "वहिनी, आखूड शिव की." ती म्हणाली, "सवय झालीय, वन्सं."

आणि एक दिवस लाडानं माझ्याजवळ म्हणाली होती, "ते यायच्या आत हे लुगडं माझ्या हातून उतरायला पाहिजे. एवढं एक झालं ना, बास."

त्या लुगड्याचा पदर व्हायला आला होता, आणि हे कार्ड आलं.

आईचा आक्रोश ऐकून गल्ली गोळा झाली. पुरुषांपैकी दोघेजण मुंबईला तार कशी करायची, कुणाला करायची, यावर वाद घालत पोस्टाकडं गेले. बायका आत शिरल्या. वहिनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तशीच बसलेली होती, हातात विणायचा धोटा. तिला दोघींनी धरून उठवलं. भागीरथाबाई म्हणून शेजारची पोक्त बाई होती, गल्लीतली सगळी बाळंतपणं आणि सगळी मयतं तिच्या हातची. तिनं वहिनीला भिंतीशी बसवलं, पदरानं कुंकू पुसलं, आणि बांगड्या फोडायला हात कोपराशी धरायचा म्हणून पोलक्याची बाही वर सारली.

सारली आणि चटकन खाली ओढली.

मी समोरच होते. मला काही दिसलं नाही, पण भागीरथाबाईचा चेहरा दिसला. तिनं शेजारच्या बाईकडं पाहिलं, त्या बाईनं दुसरीकडं मान वळवली. मग भागीरथाबाईनं बाहीला हात न लावता मनगटावरच दगड टेकवला आणि बांगड्या फोडल्या. हिरवी काच जमिनीवर पसरली. वहिनी रडली नाही. "धसका बसला पोरीला," कुणीतरी म्हणालं. "रडव गं तिला, नाहीतर डोक्यात जाईल."

"आधी आंघोळ घाला," भागीरथाबाई म्हणाली. "सरस्वते, ने वहिनीला मोरीत. अंगावरच्या कपड्यानिशी घाल पाणी."

मी तिला मोरीत नेलं, दार लोटलं. ती दगडावर बसली. मी रडतच होते, मला धड दिसतही नव्हतं. पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला, दुसरा ओतला. केस तोंडावर आले. तिनं ते बाजूला केले, एक लांबलचक श्वास घेतला आणि म्हणाली, "सुटले."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"सुटले गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. आधी मंद, मग हुंदक्यावर हुंदका. बाहेर बायका म्हणाल्या, "रडली, रडली. बरं झालं."

माझा भाऊ मेला होता आणि त्याची बायको सुटले म्हणत होती. तिच्या थोबाडीत मारावं असं मला वाटलं. हातातला तांब्या खाली आपटला आणि मी तिचा दंड गच्च धरला. ती कळवळली. ओलं पोलकं अंगाला चिकटून पातळ झालं होतं, आणि त्यातून आतले डाग दिसत होते. मी बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढे काळपट डाग होते. काही जुने, पांढरे पडलेले. बगलेपर्यंत होते.

"हे काय?"

"चिमट्यानं," ती म्हणाली.

"कुठल्या चिमट्यानं?"

"तिकिटाच्या." तिनं बाही खाली घेतली. "तिकिटाला बोट लागलं की. नाहीतर वारा आला की. नाहीतर उगीचच, तिकीट फाटकं निघालं की. ओरडलं नाही तर लवकर सोडायचे, वन्सं. म्हणून मी ओरडत नव्हते."

मी खाली आपटलेला तांब्या उचलला. मग ती एकदम घाबरली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मी आत्ता काय बोलले हो? तुमचे भाऊ आहेत ते. मी काय बोलले?"

"काही नाही बोललीस," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही." आणि उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.

बाहेर आले तर भागीरथाबाई आईला विचारत होती, "खबर पाठवली कुणी? माती तिथंच देणार की हाडं इकडं आणणार? पाकिटावर पत्ता असेल की नाही काही?" आईला काही सुचत नव्हतं. "सरस्वते, तू शिकलेली आहेस. बघ बाई पाकीट सापडतं का."

मी गटारीशी गेले. गटार कोरडीच होती, तळाला थोडी राड होती. पाकीट सापडलं. मागं मुंबईच्या कुणा गृहस्थाचं नाव होतं, जपानाहून परतलेल्या. तो हे तिथून बरोबर घेऊन आला असावा आणि इथं आल्यावर त्यानं पोस्टात टाकलं असावं. मग कार्डाचे तुकडे वेचले, लुगड्याला पुसले आणि ओट्यावर जुळवायला बसले. खरं सांगायचं तर पत्त्यासाठी नाही. भाऊचं शेवटचं काहीतरी असेल म्हणून. मघाशी जे पाहिलं ते पाहूनसुद्धा. सतरा वर्षांचा देव असा एका तांब्यात वाहून जात नाही.

एका बाजूचं चित्र जुळलं. उंच पांढरा मनोरा, दोन हात पसरलेले आणि पोटावर एक रुसलेलं तोंड. मग तुकडे उलटे केले. मागं अक्षर भाऊचंच होतं, बारीक आणि देखणं.

'ती. आईस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. हे प्रदर्शनाचे कार्ड. याच्यावर खास तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारून घेतला होता, तो फार सुबक उमटला आहे. म्हणून तेवढा कोपरा कापून मी माझ्याजवळ ठेवला. बाकीचे कार्ड तुम्हाला बघण्यासाठी एका गृहस्थांबरोबर पाठवत आहे. भाद्रपदात येईन. कपाटात डांबरगोळ्या टाकणे. गोदीस सांगणे, कपाटास हात लावू नये, मी आल्यावर सर्व मोजून पाहीन.'

जन्म येवल्यात गेलेला माणूस. वडिलांच्या मयताची कार्डं यानंच लिहिली होती, आणि एकेकाचे कोपरे फाडून पेटीत टाकली होती. पण कात्री हातात आली आणि तिकीट समोर दिसलं की त्याला दुसरं काही आठवत नसे. आता मला तिकिटांतले जाणकार भेटतात, ते म्हणतात की असं कार्ड कापायचं नसतं, आख्खंच ठेवायचं. त्या वयात भाऊला तेही माहीत नव्हतं. त्याला हवा तेवढा तुकडा त्यानं ठेवला, आणि बाकीचा आमच्याकडं पाठवला.

मी ओट्यावर बसून राहिले. भाऊ जिवंत होता. मला आनंद झाला, नाही असं नाही, ऊर भरून आला. आणि त्याच वेळी आत ओल्या केसांनी बसलेली वहिनी आठवली. हे आत जाऊन सांगायचं ते मलाच. दुसरं कोण वाचणार होतं? न सांगून तरी काय होणार होतं? माणूस भाद्रपदात दारात उभा राहणार होता.

मी आत गेले आणि दारातूनच म्हटलं, "आई, भाऊ खुशाल आहे."

पुढं जे झालं त्याला गोंधळ हाच शब्द. आई आधी माझ्या अंगावर धावून आली, मग तिनं तेच वाक्य माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं, मग हसत हसत रडली. "कोपरा त्यानंच कापला? मुडद्यानं स्वतःच कापला?" असं म्हणाली आणि 'मुडदा' म्हटल्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. साखर वाटली. पोस्टाकडं गेलेल्या पुरुषांना परत बोलावलं. भागीरथाबाईनं देवापुढं दिवा लावला आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, "जिवंत माणसाच्या मरणाची खोटी खबर आली की त्याचं आयुष्य वाढतं. पुंडलिक शंभरी बघतो का नाही ते बघा!"

"वाढतंच," बायका म्हणाल्या. "दुप्पट वाढतं."

वहिनी भिंतीशी होती. सगळ्या तिच्याकडं वळल्या. कुणी तिला कुंकू लावलं, कुणी तोंडात साखर कोंबली, कुणी गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ओकंबोकं मनगट शुभ नाही म्हणून कासारणीला बोलावणं गेलं. "लाजतेय बघा," एक जण म्हणाली. वहिनी साखर चघळत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मी एकटीनं ओळखलं, कारण बाकी कुणी बघतच नव्हतं.

कासारीण आली, बांगड्या भरल्या. हिरव्याच. भरून झाल्यावर वहिनीनं रीतीप्रमाणं तिला वाकून नमस्कार केला, आईला केला, भागीरथाबाईला केला. "जन्मसावित्री हो," भागीरथाबाई म्हणाली. तिला सगळं दिसलेलं होतं आणि तरी तिनं ते म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

दिवेलागणीला बायका पांगल्या. आई देवळात गेली. वहिनी मागाशी गेली. मला वाटलं बसेल, पण तिनं मागावर नुसतं फडकं झाकलं, कडेनं नीट खोचलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. नव्या बांगड्या घट्ट होत्या, ती त्या मनगटावर मागंपुढं करत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "असं झालं की माणसाचं आयुष्य खरंच वाढतं?"

"म्हणायची रीत आहे नुसती."

"पण सगळ्या म्हणाल्या."

"म्हणू देत."

मग अगदी साध्या आवाजात, मिठाचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "आणि वाढतं ते येतं कुठनं? कुणाचं तरी कमी होऊनच येत असेल ना?"

मी तिचा हात धरला, एवढंच.

भाऊ भाद्रपदात आला, पेटीभर तिकिटं, शिक्के आणि पाकिटं घेऊन. ते लुगडं पुढं त्यानंच पुरं केलं. वहिनीनं विणलेला मोर उसवला आणि नव्यानं विणला. मी आईला मोरीतलं सांगून पाहिलं. आई म्हणाली, "संसारात असं थोडंथोडं असतंच, सरे. दारू तर पीत नाही ना?" वर्षभरानं माझं लग्न होऊन मी संगमनेरला गेले. वहिनीला मुलगा झाला. तो पाच वर्षांचा असताना ती कावीळ होऊन गेली, कपाळावर कुंकू घेऊन. ओटी भरायला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तिच्या पायाला हात लावून त्या म्हणत होत्या, भाग्यवान बाई, अहेव गेली.

भाऊला एक्याऐंशी पूर्ण झाली तेव्हा मुलानं हौसेनं सहस्रचंद्रदर्शन केलं. मोठं कार्यालय घेतलं होतं. एका बाजूला काचेखाली ओसाकाची सगळी तिकिटं मांडली होती आणि लोक ओळीनं बघत होते. भाऊ खुर्चीत ताठ बसला होता. दात शाबूत, चष्मा फक्त वाचण्यापुरता. एक्याऐंशी दिव्यांचं ताट तयार झालं. गुरुजी म्हणाले, "बहिणीनं पहिलं औक्षण करायचं, दीर्घायुष्य मागायचं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुनेनं ताट माझ्या हातात दिलं.

भाऊ माझ्याकडं बघून हसला. "ये, सरे."

मी ताट सुनेच्या हातात परत दिलं. म्हटलं, "तूच ओवाळ बाई. माझा हात उचलत नाही."